खाडीचा वाटा

शिरगळची खाडी तुम्ही मारलीत, साहेब. तुमचं सरकारी खातं म्हणतं तेलाने मारली, वाऱ्याने मारली, कुठल्याशा निनावी जहाजाने मारली. पण तेल स्वतःच्या पायांनी चालत येत नाही, आणि आलंच तरी ‘खाडी स्वच्छ झाली आहे’ अशी पाटी ते स्वतः ठोकत नाही. ती पाटी तुम्ही ठोकलीत. तिच्या बुडाशी टाच रुतवली असतीत तर काळं वर आलं असतं. पण त्यासाठी बूट काढावे लागतात, आणि तेवढे कष्ट तुमच्या खात्यात कुणी घेतले नाहीत. उलट ज्या बाईने ती खाडी पुन्हा जिवंत केली, तिलाच तुम्ही चोर ठरवलंत. तिचं नाव हर्षाली सिद्धेश कुबल. पुढची हकिगत तिची आहे. नीट ऐका, कारण शेवटी प्रश्न तुम्हालाच विचारलेला आहे.

तेल आलं ते ऐन हंगामात, थंडीच्या दिवसांत. सकाळी बाया शिंपल्या काढायला खाडीत उतरल्या आणि पोटऱ्यांपर्यंत काळ्या होऊन परत आल्या. कांदळवनाच्या मुळांना डांबर फासल्यासारखं झालं होतं. वाऱ्याला रॉकेलचा वास होता. खाडीच्या तोंडापासून दोन डोंगर ओलांडले की एका कंपनीचं तेलबंदर आहे. त्याच्या पांढऱ्या टाक्या शिरगळच्या प्रत्येक माडावरून दिसतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही तेल कुठून आलं ते कळलं. खात्याला तेवढं कळलं नाही. खात्याने नमुने नेले आणि महिनाभराने कळवलं की समुद्राच्या पाण्यात मिसळून तेलाची ओळख पुसली गेली आहे, सबब मालक सांगता येत नाही. मासेमारी मात्र तात्काळ बंद केली. मालक सापडत नव्हता, मच्छीमार सापडत होते.

मग तीच कंपनी देवासारखी धावून आली. तेल कुणाचं का असेना, आम्ही शेजारधर्म पाळू, असं तिच्या साहेबाने गावात घातलेल्या मंडपात उभं राहून सांगितलं. तिच्याजवळ एक नवा जंतू होता. सुईच्या टोकावर हजारोंनी मावेल एवढासा, आणि तेल खाणारा. शिरगळकरांनी त्याचं इंग्रजी नाव ऐकलं आणि लगेच बाजूला ठेवलं. गावाने त्याला नाव दिलं खादाड.

खादाडाची गोष्ट सोपी आहे. तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. त्या तोडल्या की ताकद मिळते, आणि निसर्गातले कितीतरी जंतू अशा साखळ्या तोडून जगतात. पण नुसत्या ताकदीवर अंग धरत नाही. एखाद्या पोराला जन्मभर फक्त साखर घातली तर ते धावेल थोडं, वाढणार नाही. अंग वाढायला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, आणि तेलात ते जवळजवळ नसतात. म्हणून तेल सांडलेल्या पाण्यात जंतू अन्नाच्या राशीवर बसून उपाशी मरतात. त्यांना वरून खुराक दिला की ते दुपटीने, चौपटीने वाढतात आणि तेलाचा फडशा पाडतात. जगात हे फार आधीपासून ठाऊक होतं. कंपनीने पुढची पायरी गाठली. तिने खादाडाच्या अंगातलं एक काम बंद करून टाकलं. एक विशिष्ट अमिनो आम्ल त्याला स्वतः बनवता येईना, ते कंपनीच्या खुराकातूनच मिळे. खुराक थांबला की खादाड खलास. जंतू मोकाट सुटू नये म्हणून हे कुलूप, असं कंपनी सांगे. कुलूप कंपनीचं आणि किल्लीही कंपनीचीच. जगभरच्या बंदरांना वर्षानुवर्षं खुराक विकायचा तर असंच कुलूप लागतं, हे तिने मंडपात सांगितलं नाही.

हर्षालीचा नवरा सिद्धेश खुराकाच्या बोटीवर लागला. मासेमारी बंद, होडी किनाऱ्याला उलथी पडलेली, त्यात ही नोकरी म्हणजे बुडत्याला फळी. कंपनीचा निळा शर्ट घालून तो खाडीभर खुराकाच्या, मेणाच्या पिवळ्या गोळ्या उधळायचा. घरी आला की हर्षाली त्याला आधी पडवीत अंघोळ करायला लावायची. अंगाला बोंबलाच्या मुंड्यांचा वास मारायचा. औषधाला बोंबलाचा वास कसा काय, असं ती हसत विचारायची आणि तोही हसायचा. हसण्यावारी गेलेली ती गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

एक पावसाळा गेला. पाण्यावरची इंद्रधनुषी साय नाहीशी झाली, उपग्रहाच्या चित्रात खाडी निळी दिसू लागली, खात्याने पाटी ठोकली, खुराक बंद झाला आणि फोटो निघाले. मासेमारी सुरू करा म्हणाले. जाळी टाकली तर येईल काय? जे चार मासे येत त्यांना रॉकेलचा वास. बाजारात शिरगळचा मासा म्हटलं की गिऱ्हाईक टोपलीवरून हात मागे घेई. वरचं तेल खादाडांनी खाल्लं होतं, चिखलात मुरलेलं तसंच होतं. तिथवर पोचायच्या आत त्यांचं ताट काढून घेतलं होतं. सिद्धेशला कंपनीने बंदरावर दुसऱ्या बोटीचं काम दिलं, आणि ज्यांच्या दारात समुद्र त्या लोकांनी परराज्यातून येणाऱ्या बर्फाच्या गाडीवरचे बांगडे विकत घेऊन खाल्ले. ही नामुष्की ज्याला कळत नाही त्याने पुढे ऐकू नये.

आता धुवणीच्या कोनाबद्दल.

जुन्या धक्क्याच्या दक्षिणेला कातळाची एक खोबण आहे, तोच हा कोन. शिरगळच्या बाया पिढ्यान् पिढ्या मासळी तिथेच साफ करतात. घरात, अंगणात, विहिरीवर कुणी करत नाही. खवलं, आतडी, कल्ले, मुंड्या, सगळं भरतीच्या पाण्यात सोडायचं. पहिली ओंजळ सोडताना म्हणायचं, “घे गो बाये, तुजा तुका.” हा खाडीचा वाटा. तिने दिलं त्यातलं थोडं तिला परत. तो कोनापासून वर गावात आणायचा नाही, असा दंडक.

गाडीवरचे बांगडे आले तेव्हा पंचाईत झाली. हा मासा खाडीचा नव्हेच, कुठल्या दर्यातला कोण जाणे. मग त्याच्या आतड्यावर हिचा हक्क कसला? बायांमध्ये यावरून चांगलीच जुंपली. कुणी म्हणे बाटवाबाटवी होईल, कुणी म्हणे उकिरड्यावर टाका. हर्षालीची सासू जयवंती, जिच्यापुढे गावात सहसा कुणी तोंड उघडत नसे, तिने विळी कातळावर आपटून निकाल दिला.

“मासो खंयचो ता तिका काय करूचा? ती उपाशी आसा. घाला तिका.”

शहाण्या माणसाने ही चूकच म्हटली असती. परक्या माशाचा वाटा आपल्या खाडीला द्यायला शिरगळच्या बायाच हव्यात. पण त्या रोज देत राहिल्या. गाडीवाल्याचा मासा साफ करायला सगळं गाव त्या एका खोबणीत बसे.

वर्ष उलटलं. एके दिवशी ओहोटीला हर्षाली कोनात पाय धुवायला उतरली आणि टाच रुतली. सवयीने तिने तोंड वाकडं केलं, आता काळं येणार म्हणून. आलं नाही. तिने दुसरी टाच रुतवली. चिखल राखाडी होता, नुसता चिखलाच्या वासाचा. कातळाच्या सांदीत नखाएवढी कुर्ली आडवी पळाली. हर्षाली तिथेच बसून हातांनी चिखल उकरून बघू लागली. पदर भिजला तरी तिला भान नव्हतं. मग उठून धक्क्याच्या पलीकडे गेली, तिथे टाच रुतवली. काळं. परत कोनात आली. राखाडी.

तालुक्याच्या कॉलेजात ऋता केळुसकर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. हर्षाली त्यांची विद्यार्थिनी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला लग्न झालं आणि शिक्षण राहिलं, त्याचा राग दोघींच्याही मनात होता. फोन गेल्यावर मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या, साडी खोचून चिखलात उतरल्या आणि बाटल्या भरून घेऊन गेल्या. आठवड्याने परत आल्या त्या कोनातल्या कातळावर बसून बराच वेळ एकट्याच हसत होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. कोनात खादाड जिवंत आहेत, गच्च आहेत, आणि चिखलातलं तेल त्यांनी संपवत आणलं आहे. कंपनीने कुलूप बनवलं खरं, पण किल्ली स्वस्तातली निवडली. जे अमिनो आम्ल खादाडाला लागतं ते माशाच्या आतड्यामांसात भरपूर असतं. कंपनी स्वतःच ते मासळी कारखान्यांच्या कचऱ्यातून काढून मेणात घालत होती. म्हणून तर सिद्धेशच्या अंगाला बोंबलाचा वास येई. खाडीच्या उघड्या चिखलात ते मिळत नाही, म्हणून बाकी सगळीकडे खादाड मेले. कोनात मात्र बायांनी रोज त्यांना ताट वाढलं. शिवाय चिखलात हवा लागते, हवेशिवाय हे जंतू तेल तोडू शकत नाहीत. कोनात भरतीच्या लाटा आणि बायांचे पाय चिखल सारखा ढवळत होते.

“कंपनीला हे सांगायचं का?” हर्षालीने विचारलं.

“आधी खाडीला सांग,” मॅडम म्हणाल्या.

मग शिरगळने जे केलं ते कुणाच्या परवानगीने केलं नाही. जुन्या जाळ्यांच्या पिशव्या शिवल्या. त्यांत कोनातला थोडा चिखल आणि मासळीची घाण भरून खाडीभर खुंटांना बांधल्या. ओहोटीला बाया दाताळी घेऊन उतरायच्या आणि चिखल उकरायच्या, भाताच्या चिखलणीला उतरतात तशा. सगळं सुरळीत झालं असं नाही. उत्साहाच्या भरात वरच्या अंगाला, जिथे पाणी कोंडतं, तिथे पिशव्या जास्त झाल्या. घाण कुजली, पाण्यातली हवा संपली आणि बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगली. जयवंतीने त्या दिवशी जेवण घेतलं नाही. मॅडमनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यासारखं तोंड करून सांगितलं की चूक माझी, किती घालायचं ते मी आधी सांगायला हवं होतं. पिशव्या कमी केल्या. पाणी सावरलं. पुढच्या थंडीपर्यंत कांदळवनाला नवी पालवी होती, आणि मॅडमच्या तपासणीत शिंपल्या खाण्याजोग्या निघाल्या त्या दिवशी गावात एकही चूल शिंपल्यांशिवाय पेटली नाही.

वास लागायला वेळ लागला नाही. कंपनीची माणसं नमुने घेऊन गेली. खादाडाच्या गुणसूत्रात कंपनीने स्वतःची खूण पेरून ठेवली होती, गुराला डागावं तशी. चिमूटभर चिखलातून ती तासाभरात वाचता आली. तेलाची ओळख तीन वर्षांत कुणाला पटली नव्हती, जंतूची ओळख जेवायच्या आधी पटली. लगोलग तक्रार: कंपनीच्या मालकीच्या सजीवांचं विनापरवाना पोषण व प्रसार. मुख्य आरोपी हर्षाली कुबल. तुमच्या खात्याने कधी नव्हे ती तत्परता दाखवली. धुवणीच्या कोनात मासळी साफ करायला बंदी, आणि सुनावणी होताच खाडीत क्लोरीन सोडून बेकायदा जंतूंचा नायनाट. खादाडांबरोबर कुर्ल्या मरतील, शिंपल्या मरतील, पालवी जळेल, त्याचा उल्लेख नव्हता.

कोनावर पहारेकरी बसला. घाटावरचा बिचारा, नाकाला रुमाल बांधून खुर्चीवर बसे. जयवंती त्याच्यासमोरच विळी मांडून बसली आणि म्हणाली, “बाळा, नाक झाकलंस तसे डोळेय झाक. पगार तोच मिळतलो.” बाया हसल्या. तो रुमालाआड हसला असावा, कारण त्याने खुर्ची फिरवून समुद्राकडे तोंड केलं.

घरात मात्र कुणी हसत नव्हतं. सिद्धेशला कंपनीने बोलावून चहा पाजला होता. बायकोने चूक कबूल करावी, तक्रार मागे घेऊ, नोकरी कायम करू. आणि क्लोरीनच्या बोटीवर चालक म्हणून त्याचंच नाव घातलं होतं. हे त्याने जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. थकलेला होता. त्याच्या होडीचं लाकूड वाळून फाटलं होतं, पोरीच्या शाळेची बस कंपनीची होती, आणि ज्या घरात ही चर्चा चालली त्याची कौलं याच नोकरीच्या पगारातून बदलली होती. हे सगळं खरं होतं, म्हणून हर्षालीला त्याच्यावर धड चिडताही येईना.

“चूक झाली, इतक्याच म्हण,” तो म्हणाला. “म्हटल्यान तुजा काय जाता? घर कसा चालतला, ता बघ.”

“आईन खाडीक वाटो दिल्यान, ती चूक?”

“तू माका क्लोरीन सोडूक लावतंस.”

“मी नाय लावत. ते लावतत. सोड तू. मी थंयच उभी आसतलंय, कोनात, कमरेएवढ्या पाण्यात.”

तो ताटावरून उठला. कितीतरी वर्षांत त्या घरात कुणी अर्धवट उठलं नव्हतं. जयवंतीने त्याचं ताट उचललं, उरलेला मासा पानात घेतला आणि कोनाकडे चालू लागली.

सुनावणी मच्छीमार सोसायटीच्या बर्फ ठेवायच्या मोठ्या खोलीत झाली. बाहेर धक्क्याला बोट लागलेली, तिच्यावर क्लोरीनच्या निळ्या टाक्या. काम लगेच उरकायचं होतं. तुमच्या खात्याचे अधिकारी मध्ये बसले. कंपनीची माणसं डाव्या हाताला, त्यांच्यात निळ्या शर्टात सिद्धेश. बोटीची चावी त्याच्या मुठीत होती. उजव्या हाताला बाया, आणि त्यांच्या अंगाचा मासळीचा वास, जो साहेबांना सोसवत नव्हता.

कंपनीच्या तज्ज्ञाने खुणेचा पुरावा मांडला. केळुसकर मॅडम उठल्या. त्या म्हणाल्या की नुसत्या खुणेने काही ठरत नाही. चिखलात कोट्यवधी जंतू शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना गुणसूत्रांचे तुकडे देतात. तुमची खूण इथल्या रानटी जंतूने उचलली नसेल कशावरून? तसं असेल तर हे जंतू शिरगळच्या चिखलाचे, तुमचे नव्हेत.

मुद्दा बिनतोड होता. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. तज्ज्ञ मात्र हसला. हुशार माणूस होता, आपल्या कामावर त्याचं मनापासून प्रेम होतं, आणि अशा माणसाला कुणी डिवचलं की तो गप्प बसत नाही. तो म्हणाला की ही शंका येणार हे धरूनच आम्ही दुसरी चाचणी केली आहे. आमच्या जंतूला दोन कुलुपं आहेत. एक खुराकाचं. दुसरं तेलाचं, प्रत्येक बंदराच्या वाणाला त्या त्या बंदराच्या तेलाचं. आमच्या बंदरावर जे जड कच्चं तेल उतरतं त्यात गंधकाचं एक वेगळंच संयुग आहे. ते सापडलं तरच जंतूची पचनाची यंत्रणा सुरू होते. आमच्या टाकीतल्या तेलावर आम्ही त्याला पिढ्यान् पिढ्या वाढवला. या कोनातल्या जंतूंना आम्ही डिझेल दिलं, जहाजाचं इंधन दिलं, किनाऱ्यावरच्या इतर सगळ्या बंदरांचं तेल दिलं. ते उपाशी मेले. आमच्या टाकीतलं तेल दिलं, आणि ते खाऊ लागले. तेव्हा मालकीबद्दल शंका नको. ते आमचेच आहेत.

कंपनीच्या वकिलाने मान डोलावली. अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि आरोपीला काही सांगायचं आहे का, असं रिवाज म्हणून विचारलं.

हर्षाली उभी राहिली. ती तज्ज्ञाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की सिद्धेशने मान वर केली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा.

“मला यांचं पटलं,” ती म्हणाली. “जंतू यांचेच आहेत. मी कबूल करते. तेवढं लिहून घ्या.”

खोलीत कुजबुज झाली. वकील हसला. केळुसकर मॅडमनी डोळे मिटून घेतले, आणि मग एकदम उघडले.

“आता पुढचं लिहा. हे जंतू यांच्या टाकीतल्या तेलाशिवाय दुसरं तेल खातच नाहीत. यांनीच सांगितलं, आत्ता, सगळ्यांसमोर. आणि आमच्या खाडीत हे दोन वर्षं पोट भरून जगलेत.”

तज्ज्ञाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं, काढून घ्यायचं राहून गेल्यासारखं. वकील घाईघाईने उठला आणि म्हणाला की हा या सुनावणीचा विषय नव्हे. अधिकारीही म्हणाले की बाई, विषयाला धरून बोला, तेलाची फाईल केव्हाच बंद झाली आहे. आणि त्यांनी दाराकडे बघून बोटीला इशारा करायला हात वर केला.

डाव्या रांगेतून सिद्धेश उठला. त्याने अधिकाऱ्यांच्या टेबलावर चावी ठेवली, निळ्या शर्टाची वरची दोन बटणं उघडली, जणू आत्ताच श्वास घ्यायला जागा झाली, आणि उजवीकडे जाऊन आईच्या मागे उभा राहिला. जयवंतीने वळून पाहिलं नाही. फक्त थोडी सरकली, त्याला जागा करून द्यायला.

अधिकाऱ्यांचा हात हवेतच होता. हर्षाली टेबलापर्यंत चालत गेली. ओल्या पावलांचे ठसे लादीवर उमटले, राखाडी चिखलाचे. आता ती त्यांच्या भाषेत बोलली नाही.

“साहेब, विषय ह्योच आसा. जंतू कोणाचे ता तुमका तासाभरात कळला. ते तेंचे. मी मानलंय. मगे माज्या खाडीतला तेल कोणाचा? फाईल उघडा नायतर उघडू नका. माका तोंडान सांगा. मी हयसरच उभी आसंय.”